भिंतीपासून दोन हात

"माझ्या काजूच्या खोक्यांना ओल लागतेय. लावणारं माणूस घरातलंच निघालं तर मला सांगू नका," म्हणत अवंतिका खुर्चीत बसली आणि लगेच म्हणाली, "नको, सांगाच."

शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात खासगी गुप्तहेर प्रियदर्शनी ऐकत होती. तिचा मदतनीस अभिराम शेंगदाणे खात होता.

अवंतिका आजऱ्याहून काजू आणायची आणि हातकणंगल्याला, सासऱ्यांनी स्वतः बांधलेल्या गोदामात पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटींवर, खोकी रचायची. खरेदीसाठी दर आठवड्याला आजऱ्यात मुक्काम. आता गिऱ्हाइकानं ओला माल परत पाठवला होता. भाड्याची शेड घ्यायची का, हे उद्याच कळवायचं होतं.

"शेड घेतली तर मामा खचतील. त्या गोदामावर जीव आहे त्यांचा. वर वैताग म्हणजे, मी माघारी यावं तर घरी ठेवलेल्या स्कूटरमधलं पेट्रोलसुद्धा उडालेलं!"

अभिराम हसला. प्रियदर्शनी हसली नाही.

हातकणंगल्याला जाताना त्यांनी ती भाड्याची शेड पाहिली. पत्रे तापलेले, शेजारी मिरचीची पोती. अभिराम शिंकून बेजार झाला.

गोदाम मात्र गार होतं. कुलूप शाबूत, खोकं एकही कमी नाही. पॅलेट भिंतीपासून चांगली दोन हात लांब. तरी खोकी भिंतीकडच्या अंगानं ओलसर होती, आणि तिथंच चुन्याचे ओरखडे होते. मधल्या फरशीवर काळे वळसे उमटले होते.

"ही पॅलेट हलवायची ट्रॉली. तिच्याच चाकांचे वळसे," अभिराम ठामपणे म्हणाला. प्रियदर्शनीनं वाकून पाहिलं. ट्रॉलीची चाकं पांढरी होती.

सासरे गणपतराव कमरेची किल्ली वाजवत म्हणाले, "आत कोण येतंय? कुणीबी न्हाय की!" बोलताना त्यांनी दारातून येणाऱ्या बायकोकडं पाहिलं.

सासूबाई झुंबरबाई लंगडत चहा घेऊन आल्या. कोपराला हळद लावलेली. "पाय घसरला, दुसरं काय न्हाय."

चहा संपल्यावर प्रियदर्शनी बोलू लागली. "छप्पर कोरडं, फरशी कोरडी. ओल फक्त भिंतीत आहे. मग दोन हात लांबच्या खोक्यांना भिंतीचा चुना कसा लागला? अवंतिकाताई, तुम्ही नसताना पॅलेट भिंतीला टेकतात आणि तुम्ही यायच्या आत जागेवर येतात. ज्यांच्याकडं किल्ली, त्यांचंच हे काम."

"पण कशासाठी?" अभिरामनं विचारलं.

"मधे जागा करायला. काळे वळसे रबरी टायरचे. पेट्रोल उडतं, कोपर फुटतं." ती सासूबाईंकडं वळली. "झुंबरबाई, गाडी कितपत जमली?"

"वळताना तेवढं चुकतंय," झुंबरबाई पुटपुटल्या.

"गल्लीत शिकली असती तर लोक हसलं असतं," गणपतराव म्हणाले. "म्हणून मीच पॅलेट भिंतीकडं ढकलत हुतो. ओल धरंल हे ध्यानातच आलं न्हाय."

"पोर एकटीच मरमर मरती," झुंबरबाई म्हणाल्या. "जवळपासचा माल तरी आपुन पोचवावा म्हटलं."

अवंतिकाचे डोळे भरून आले. रागवावं की मिठी मारावी हे तिला कळेना. तिनं मिठी मारली.

"शेड नको," प्रियदर्शनी म्हणाली. "तिथं काजूला मिरचीचा वास लागेल. हेच गोदाम बरं, फक्त भिंत आणि खोक्यांच्या मधून वारं खेळतं राहू दे."

"मग मी गाडी कुठं फिरवू?"

"रस्त्यावर, आत्या," अवंतिका डोळे पुसत म्हणाली. "मागं मी बसते. हसू दे की लोकांना!"

झुंबरबाईंनी पदर खोचला. स्कूटर नागमोडी वळत फाटकातून बाहेर पडली, आणि गणपतराव मागून ओरडत पळाले, "ब्रेक दाब! अगं, ब्रेक दाब की!"