फाटकापलीकडे काही नाही

आधी ते मोबाईल उलटे ठेवा. ठेवलेत? आता ऐका. आणि मध्येच खिदळायचं असेल तर आत्ताच बाहेर जाऊन खिदळून या.

ही गोष्ट आपल्या ओळखीतल्या एका वायरमनची. त्याची बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कमरेखाली काही हलत नव्हतं. मग याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, चुकतमाकत शिकून, तिच्यासाठी एक खेळ केला. त्यात चित्र नाही, गोळीबार नाही, तुम्हाला जांभया आल्या असत्या. पडद्यावर लिहून यायचं, तू पलंगावर आहेस. तिने टाइप करायचं, ऊठ. की ती उठली. माळ्यावर जा, की गेली. हरवलेली किल्ली, जमिनीखालचं भुयार, माळ्यावर दडलेला चोर, सगळं त्याने स्वतःच्याच घरात बसवलं होतं. पण खेळ फाटकापर्यंतच. फाटक उघडलं की एकच ओळ यायची. फाटकापलीकडे काही नाही.

"अहो, पुढे रस्ता करा की," ती म्हणायची.

"करतो."

"नुसतं करतो करतो. त्या चोराला तरी पळायला जागा नको?"

"करतो म्हटलं ना."

केला नाही. कामं होती. मग एके दिवशी ती गेली.

वायरमन रडला नाही. कामावर जायचा, खांबावर चढायचा, उतरायचा. ताट समोर आलं की जेवायचा. लोक म्हणाले, दगड आहे नुसता. दगडच झाला होता, पण लोकांनी बोलायचं काय कारण?

लेक परगावी. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा खेळ मला माझ्या लॅपटॉपवर हवाय." तिचं मशीन वेगळ्या जातीचं, इकडचं तिकडे चालेना. याने जाऊन जुळवून दिलं. पण तिथे खेळ पलंगापासून नाही, फाटकापासून सुरू झाला. अर्धवट राहिलेला डाव सोबत आला असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

मग मेहुणीला तो फोनवर हवा झाला. फोनची तऱ्हा आणखी तिसरी. त्यासाठी याने पहिल्या ओळीपासून सगळं नव्याने लिहिलं, जुनं काही घेतलंच नाही. मेहुणी नर्स. डिसेंबरातल्या एका शनिवारी ती दवाखान्यातली पाळी संपवून घरी आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजत होते. हा दारात उभाच. फोनमध्ये खेळ घालून दिला.

"भाऊजी, ताई यात पलंगावरून उठायची ना? ही तर थेट फाटकाशी उभी आहे."

त्याने फोन हातात घेऊन पाहिला.

"चुकलं असेल काहीतरी."

"चहा टाकू?"

"नको."

चालत घरी आला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पावणेबाराला त्याने जुना कॉम्प्युटर लावला. चूक शोधायची होती, दुसरं काही मनात नव्हतं.

तू फाटकाशी आहेस.

त्याने कशाला हात लावला नव्हता. खाली अक्षरं उमटली.

फाटक उघड.

फाटकापलीकडे काही नाही.

फाटक उघड.

फाटकापलीकडे काही नाही...

वायरमनच तो, आधी वायरच बघणार. त्याने कीबोर्डची वायर उपसून काढली. हातात धरून बसला.

फाटक उघड...

ओळी वर सरकत राहिल्या. घाईने नाही. एकेक.

फाटक उघड...

"करतो," तो म्हणाला.

ओळी थांबल्या.

त्याने वायर परत जोडली. खेळाच्या पोटात शिरला आणि रस्ता लिहिला. तीन ओळींचा. रस्ता घरापासून निघतो. दोन्ही बाजूंना झाडं आहेत. पुढे वळण आहे. एवढंच सुचलं. खेळ पुन्हा लावला. हात मांडीवर ठेवले.

फाटक उघड.

रस्ता दिसला. तिन्ही ओळी.

मग बराच वेळ काही नाही...

पुढे जा.

आणि मग खरंच काही नाही. पडदा तसाच. तो उजाडेपर्यंत बसून राहिला. पाय कधी बधिर झाले, तेही त्याला कळलं नाही.

सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, रस्ता कधी केलात? सांगितलं पण नाही."

त्या कॉम्प्युटरला नेट नव्हतं. रस्ता त्याने कुणाला पाठवला नव्हता.

"कुठवर जातो?" त्याने विचारलं.

"तुम्हीच केलात आणि मला विचारताय? थांबा, वाचते. वळणानंतर दगडी कट्टा आहे. दोघं बसतील एवढा. अर्धा रिकामा आहे." तिकडून बटणं वाजली. "पुढे काहीही टाइप केलं तरी एकच लिहून येतं. घाई नाही. हे काय लिहिलंत, बाबा?"

वायरमनने आपल्या पडद्याकडे पाहिलं. तिथे रस्ता वळणालाच संपत होता.