कंप्युटरला म्हटलं, या बरं

खोटं सांगून मला काय मिळायचंय? पटेल त्यानं वाचावं. बाकीच्यांनी पुढं सरकावं.

ही गोष्ट माझ्या धाकट्या जावेची. सरजाबाईची. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली, औसा रोडच्या तिच्या घरातली. वेळ दिवेलागणीची.

तिचे मालक अण्णाराव, म्हणजे माझे दीर. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीत कारकून म्हणून आलेले. रिटायर झाले अन् घरात कंप्युटर आणला. रोज दिवेलागणीला त्याच्यावर एकट्यानं पत्ते खेळत बसायचे. शेजारी पाण्याचा तांब्या.

टक्... टक्... टक्.

"डाव संपंना का तुमचा?" सरजाबाई चुलीपासून ओरडायची.

दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

घर एकदम गप झालं.

पोरगा व्यंकट पुण्याला. रविवारी कंप्युटरवर नातीचं तोंड दिसायचं. तेवढाच काय तो बोलका आवाज त्या घरात. चैतात तो डब्बाही बंद पडला.

व्यंकट फोनवर म्हणाला, "आई, पुण्याला ये. तिथं प्यायला पाणी न्हाई अन् तू एकटी बसलीस."

"मी घर सोडत नसते. नवा डब्बा घेते."

गोलाईच्या बाजारातला माणिकप्पा दुकानदार नवा घेऊन आला. बदल्यात जुना उचलला. सरजाबाई दारात उभी. अण्णाराव कचेरीला निघाले की जन्मभर जे म्हणायची, तेच तोंडातून गेलं...

"या बरं."

माणिकप्पा हसला. "काकू, ह्यो आता कशाला येतोय माघारी?"

तीही हसली.

नव्याची तऱ्हाच न्यारी. पहिल्या दिवशी पासवर्ड मागितला. "घर माझं, डब्बा माझा, अन् परवानगी ह्याची?" सरजाबाई कडाडली. माणिकप्पानं पासवर्ड घालून दिला, तर नुसतंच गोल गोल फिरायला लागलं.

"अपडेट व्हायलंय काकू. बंद करू नका."

"बाळंतपण हाय का हे? कवा मोकळं व्हायचं?"

मग म्हणाला, वायर बदलावी लागंल. मग म्हणाला, कंपनीचा माणूस येईल. कंपनीच्या नंबरावर एक बाई बोलायची, ती ऐकूनच घ्यायची नाही. रविवार आले, गेले. नात काही दिसली नाही.

अशात एका दिवेलागणीला वीज गेली.

सरजाबाई देवापाशी काडी शोधत होती. बाहेर टँकरची वाट बघून बायका घरात गेलेल्या. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

अन् आतल्या खोलीतून...

टक्.

उंदीर असेल, तिला वाटलं.

टक्... टक्.

ती दिवा घेऊन आत गेली. डब्बा बंद. पडदा काळा. पण खुर्ची...

खुर्ची खिडकीकडं तिरकी वळलेली. ते बसायचे तशी.

अन् टेबलावर तांब्या. तिनं ठेवलेला नव्हता.

रिकामा. बुडाशी दोन थेंब.

त्या साली घागरीतलं पाणी बाई वाटीनं मोजायची. घरात दुसरं माणूस नाही. मग पाणी प्यालं कोण?

सकाळी तिनं माणिकप्पाला फोन लावला. "त्यात पत्त्याचा खेळ घातलास का रे?"

"न्हाई काकू. ह्यात तो खेळच न्हाई."

"अन् आमचा जुना?"

"तो तर त्याच दिवशी भंगारात फोडला की."

मग तिनं मला बोलावलं. मी लातूरशेजारच्या आमच्या मुरुडहून निघाले. भुताखेताला भिणारी मी नव्हे, पण त्या संध्याकाळी मीही ऐकलं.

टक्... टक्... टक्.

सरजाबाईच्या डोळ्याखाली काळं आलं होतं. घास उतरत नव्हता तिला.

"डब्ब्याला 'या बरं' म्हणून तूच बोलावलंस," मी म्हटलं. "आता दारात जा अन् 'जावा' म्हण. मोकळं कर त्यांना. न्हाई तर ते तुला पुण्याला जाऊ द्यायचे न्हाईत अन् हितं जगूही द्यायचे न्हाईत."

ती उठली. दारात जाऊन उभी राहिली.

आतली टकटक थांबली.

खुर्ची करकरली...

मग पावलं. सपाता ओढत चालल्यासारखी. माझ्या अंगावरून गार वारं गेलं, मे महिन्यात. पावलं उंबऱ्यापाशी गेली अन् थांबली. तिच्या अगदी जवळ.

"म्हण!" मी ओरडले.

सरजाबाईनं पदर सावरला. तोंड उघडलं.

"या बरं."

"जीभ झडली का तुझी? काय सांगितलं मी?"

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. चेहरा शांत होता, अन् त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आक्का, तुम्ही उद्या मुरुडला जाल. नात रविवारी दिसणार, तीबी दिसली तर. हे रोज येतेत."

पुढं पाऊस झाला. नळ सुटले. कंपनीचा माणूस काही आला नाही, तिनंही परत फोन लावला नाही. पुण्यालाही गेली नाही. रोज दिवेलागणीला त्या बंद डब्ब्यापाशी तांब्या भरून ठेवते. सकाळी काय दिसतं, ते मी विचारत नाही.

माझ्या दारातून आता कुणी निघालं की मी नुसती मान हलवते. "या" म्हणत नाही. माणसं ताटकळून निघून जातात. म्हणतात, म्हातारीला गर्व झालाय.

म्हणू द्या.

माझ्याही घरात एक खुर्ची रिकामी आहे.