दोघांत एक कॉम्प्युटर

घंटीवर माझं बोट होतं, आणि त्या बोटावर कुणाचा तरी जाडजूड हातमोजा येऊन टेकला.

मी वळून पाहिलं. टोपी कानांखाली ओढलेला, भुवयांवर हिम साठलेला एक उंच मुलगा घाईघाईने हात मागे घेत होता.

"तूही आउलिक्कीबाईंकडेच?" त्याने विचारलं.

"ग्राफिक्स कार्ड न्यायला आलेय," मी म्हणाले. "माझं त्यांच्याशी ठरलंय."

"अरे... माझंही ठरलंय."

मी घाबरले. तसं मला घाबरायला फारसं कारण लागत नाही. बस दोन मिनिटं उशिरा आली तरी घाबरते. पण त्या कार्डासाठी मी सगळा हिवाळा थांबले होते. नवं घ्यायची ऐपत नव्हती, आणि आमच्या ओउलू शहरात एवढ्या स्वस्तात जुनं कुणी काढत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा बसवून घरी आले, की डोक्यात नाही नाही ते सुरू व्हायचं. काच उलटी तर बसली नसेल? गॅस चालू तर राहिला नसेल? — माझ्याकडे गॅस नाहीच, शेगडी विजेची आहे. फक्त कॉम्प्युटरवर खेळताना, पडद्यावरच्या मातीच्या रस्त्यावरून गाडी भरधाव सोडली की डोकं गप्प बसायचं. आणि माझा जुना लॅपटॉप आता दर वळणावर अडखळत होता.

दार उघडलं. आउलिक्कीबाई सत्तरीच्या होत्या. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल, हातात सौनाची, वाफेच्या अंघोळीची बादली.

"दोघांनाही हो म्हटलं की काय मी?" त्यांनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. "कार्ड तर एकच आहे बाळांनो. नवीन घेतलंय म्हणून जुनं देतेय. आणि इमारतीच्या सौनात आता माझी पाळी सुरू झालीय. पैसे कुणीही द्या, भांडण मात्र जिन्यात करा."

मग आम्ही जिन्यात बसलो. मध्ये, पायरीवर, कार्डाचं खोकं.

"तू घे," तो म्हणाला.

"नको, तू घे."

"बरं."

"...खरंच घेणार होतास?"

तो हसला. हसताना भुवयांवरचं हिम वितळून नाकावर ओघळलं. त्याचं नाव यालमारी. माझं ताइमी, हे मी जरा उशिराच सांगितलं. बाकीचे भाग कुणाकडे कोणते आहेत ते बोलण्यात निघालं. माझ्याकडे प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटर होता, सगळं जुनं, एकेक करून जमवलेलं. त्याच्याकडे कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड. माझा प्रोसेसर नेमका त्याच्या मदरबोर्डवर बसणारा होता.

"मी बर्फ फोडणाऱ्या जहाजावर काम करतो," तो खोक्याकडे बघत म्हणाला. "तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी. म्हणजे मला अर्धंच कार्ड पुरतं."

"अर्धं कार्ड कोण विकतं?"

"विकत नाही कुणी. पण मी नसताना... पूर्ण कॉम्प्युटर तुझा. मी असताना माझा. कसं वाटतं?"

मला भयंकर वाटलं. अनोळखी मुलगा. उद्या सगळं घेऊन पसार झाला तर? मोडून ठेवला तर? मी तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायलाच, आणि म्हणाले, "रविवारी जोडूया?"

*

रविवारी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही सगळं मांडलं. यालमारीने आधी एक वर्तमानपत्र पसरलं, मग ते गोळा केलं, मग पुन्हा पसरलं. तोही घाबरलाय हे पाहून मला थोडं बरं वाटलं.

"काही उचलायच्या आधी रेडिएटरला हात लाव," त्याने बजावलं. "हवा कोरडी आहे, आणि तू लोकरीचा स्वेटर घालून आलीयस. अंगातल्या विजेची ठिणगी पडली तर मदरबोर्ड जाईल."

"थंडी आहे म्हणून घातला."

"छान आहे. पण रेडिएटरला हात लाव."

मी खिडकीखालच्या त्या गरम लोखंडी रेडिएटरला हात लावला. तरीही स्क्रूचा डबा घेताना आमची बोटं एकमेकांना लागली आणि चट्‌ असा आवाज झाला. दोघांनी हात झटकले. कॉम्प्युटरला काही झालं नाही. मला काही झालं की नाही, ते मी त्या वेळी तपासलं नाही.

प्रोसेसर बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दिवसभर नाजूक वस्तू हाताळते ती मीच. तो जागेवर ठेवला. आता कडेची दांडी दाबून तो घट्ट करायचा होता. दाबली, आणि कर्र असा आवाज आला, आत काहीतरी चिरडल्यासारखा.

"मोडला," मी म्हणाले.

"आवाज येतोच. मी वाचलंय. दाब अजून."

"तू दाब."

"आपण दोघं दाबू."

त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आला. दांडी खाली गेली.

"तू डोळे मिटले होतेस," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"नाही कळलं. माझेही मिटलेले होते. अंदाज केला."

संध्याकाळी सगळं जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरू लागले, दिवे लागले... आणि पडदा काळाच. आम्ही वाट पाहिली. काळाच. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. प्रोसेसर मी बसवला होता. कर्र आवाज माझ्याच हाताखाली झाला होता. त्याच्या मदरबोर्डाचं वाटोळं मीच केलं होतं.

"मी भरून देईन," मी म्हणाले.

"काय भरून देशील? थांब ना जरा." त्याने रॅम काढून पुन्हा बसवली. मी एकेक वायर ओढून पाहिली. तो टेबलाखाली शिरला, मी मागच्या बाजूला वाकले. बऱ्याच वेळाने खालून त्याचा दबका आवाज आला.

"ताइमी... मॉनिटरची वायर तू कुठे लावलीस?"

"मी नाही, तू लावलीस."

"हं. मग मी गाढव आहे. कार्डाला लावायची ती मी मदरबोर्डाला लावलीय."

वायर बदलली. पडदा उजळला. त्या निळसर उजेडात त्याचा चेहरा टेबलाखालून वर आला, केसांत धूळ, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याला दिसू नये म्हणून मी लगेच कॉफी टाकायला उठले. स्वयंपाकघर त्याचं होतं. कॉफी कुठे ठेवलीय ते मला माहीत नव्हतं.

*

ठरल्याप्रमाणे सगळं सुरू झालं. तो समुद्रावर निघायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर माझ्याकडे यायचा, परत आला की त्याच्याकडे जायचा. मी रजईत गुंडाळून, बर्फावरच्या घसरगाडीला बांधून, नदीकाठाने ढकलत न्यायचे. वाटेत प्रत्येक खड्ड्याला जीव वर-खाली.

पण गंमत नंतर असायची. कडक थंडीतून आणलेला कॉम्प्युटर लगेच चालू करता येत नाही. उबदार खोलीत त्याच्या आत दव धरतं. तो खोलीइतका गरम होईपर्यंत दोन-तीन तास नुसतं थांबायचं. मग थांबताना माणसं काय करणार... आम्ही कॉफी प्यायचो. वेलदोडा घातलेले पाव खायचो. तो जहाजाबद्दल सांगायचा. रात्री झोपेत खालून बर्फ फुटल्याचा आवाज येतो, आणि घरी आल्यावर शांततेनेच झोप येत नाही.

"मग काय करतोस?"

"पडून राहतो. कधी तू सांगितलेल्या काळज्या आठवतो. गॅस चालू राहिल्याची मला फार आवडते."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. माझ्याकडेही गॅस नाही, तरी परवा उठून बघून आलो."

त्याचे डोळे हसायचे, ओठ नाही. मी कपात बघत बसायचे. आणि त्याच वेळी मनात हिशेब चालू असायचा. तो घरी असतो तेव्हा कॉम्प्युटर त्याच्याकडे. कॉम्प्युटर माझ्याकडे असतो तेव्हा तो समुद्रात. म्हणजे भेट फक्त या अदलाबदलीची. मध्ये सहज म्हणून त्याच्या दारात जायचं, तर कशाला आलीस असं त्याने विचारलं तर?

एप्रिलमध्ये रस्त्यावरचा बर्फ गेला, घसरगाडीच्या जागी मी हातगाडी मागून आणली. एकदा बाहेर एवढी ऊब होती की मी कोटही घातला नव्हता. यालमारीने कॅबिनेटला हात लावून पाहिला.

"लगेच चालू करता येईल," मी म्हणाले. मनातून नको होतं.

"छे," तो गंभीरपणे म्हणाला. "आतून अजून गार आहे. थांबायला हवं." आणि कॉफीचं भांडं घेऊन वळला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. पहाटेपर्यंत त्याची जागा भीतीने घेतली. उन्हाळ्यात जहाज बंद. तो कायम घरी. मग हा कॉम्प्युटर कुणाचा, आणि आम्ही एकमेकांचे कोण?

*

त्यापुढच्या फेरीवरून तो एका गुरुवारी परतणार होता. आला नाही. फोन बंद. समुद्रात आत गेल्यावर तसाही लागत नसे, म्हणून मी स्वतःला समजावलं. कॉम्प्युटर रजईत गुंडाळून दाराशी ठेवला होता. संध्याकाळी बातम्यांत दोन ओळी आल्या — बर्फ फोडणाऱ्या जहाजावर दुसरं जहाज ओढायची तार तुटली, एक खलाशी जखमी, हेलिकॉप्टरने हलवलं. नाव नव्हतं.

आयुष्यभर मी न घडलेल्या गोष्टींना घाबरत आले. आता खरंच काहीतरी घडलं होतं, आणि माझे हात बर्फासारखे थंडगार, स्थिर झाले होते. मी जहाज कंपनीचा नंबर शोधून लावला. एका बाईंनी फोन घेतला, मी यालमारीचं नाव सांगितलं.

"माहिती फक्त नातेवाइकांना देता येते. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी रजईवरची दोरी उगाच घट्ट केली.

"हॅलो? कोण लागता तुम्ही त्यांच्या?"

"आमचा... एक कॉम्प्युटर आहे," मी म्हणाले. "दोघांत मिळून."

त्या बाई हसल्या नाहीत. "मला वाईट वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी दाराशी, रजईशेजारी, जमिनीवर बसून राहिले. त्याच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. तो कॉफीत साखर घालत नाही आणि झोपेत बर्फ ऐकतो, एवढंच माहीत होतं. त्याचा उपयोग कुणाला सांगून होणार होता?

शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला. *मी बरा. हात मोडला. घरी. कॉम्प्युटर तुझ्याकडेच राहू दे. येऊ नको.*

पहिल्या दोन शब्दांनी मी रडले. शेवटच्या दोन शब्दांनी रडणं थांबलं. येऊ नको. बरोबरच होतं. एका हाताने तो खेळणार कसा? कॉम्प्युटर न्यायचा नाही, म्हणजे जायचं कारण नाही. कितीतरी वेळ मी फोनकडे पाहत राहिले. मग कोट चढवला आणि निघाले. नदीकाठ, पूल, त्याचा जिना. सगळ्या वाटेत मी परत फिरायचं ठरवत होते आणि पाय पुढेच जात होते.

दार त्याने उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. गालावर ओरखडा. त्याने माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं.

"गाडी खाली ठेवलीस?"

"गाडी आणली नाही."

"मग कॉम्प्युटर?"

"घरी."

"बिघडला का?"

"नाही. ठणठणीत आहे."

तो दाराला टेकून उभा राहिला.

"येऊ नको असं लिहिलं होतंस," मी म्हणाले.

"घाईघाईने येऊ नको, असं लिहायचं होतं. डाव्या हाताने टाइप करत होतो. लांब शब्द गाळले."

"नेमके तेच गाळलेस?"

"तू लगेच धावत सुटशील आणि बसखाली येशील, अशी काळजी वाटली." त्याने गळ्यातलं प्लास्टर सावरलं. "काळजी करायला हल्ली मलाही जमतं."

मला हसू आलं नाही. "मी तुझ्या कंपनीत फोन केला होता. त्या बाईंनी विचारलं, तुम्ही त्याच्या कोण. मला सांगता आलं नाही."

"मग काय म्हणालीस?"

"आमचा दोघांत एक कॉम्प्युटर आहे म्हणाले."

तो हसायला गेला, आणि हात दुखून कळवळला. मग त्याचा चेहरा बदलला.

"ताइमी, तार तुटली तेव्हा मी डेकवर पडलो होतो. हात कुठे आहे तेही कळत नव्हतं. आणि मनात एकच... आता गुरुवार चुकणार."

"कॉम्प्युटर मिळणार नाही म्हणून?"

"तो मी गेल्या दोन वेळांत चालूही केला नाही. इथे कोपऱ्यात पडून असतो."

"मग परत का मागायचास?"

"तू घेऊन यावीस म्हणून."

जिन्यातला दिवा आपोआप विझला. आम्ही दोघंही तो लावायला हललो नाही. अंधारात मला बोलणं सोपं गेलं.

"त्या बाईंनी पुन्हा विचारलं तर मी काय सांगू?"

मग त्याची डाव्या हाताची बोटं माझ्या बाहीवरून खाली येत माझ्या हातापर्यंत पोचली.

"सांग, घरचीच आहे."

मी बूट काढून आत गेले. दार जड होतं आणि त्याला एका हाताने नीट लावता येईना, म्हणून मग आम्ही दोघांनी मिळून ते लावलं.