चित्रांगीचा गळा

"या सिनेमात मी माझ्याच आवाजात बोलले आहे," चित्रांगी मुलाखतीला आलेल्या वार्ताहराला अगदी सहज म्हणाली, आणि कॉफीचे पेले घेऊन दिवाणखान्याच्या दारात आलेल्या वसुंधरेच्या हातातलं तबक हिंदकळलं, कॉफी सांडली, आणि तरीही तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही!

वार्ताहर हसला. म्हणजे आजवर काय शेजारणीच्या आवाजात बोलत होतात, असं त्याने विचारलं. चित्रांगी हसली नाही. सिनेमा बघा आणि मग विचारा, एवढंच म्हणाली. मग त्याचं लक्ष वसुंधरेकडे गेलं, तसे त्याने हात जोडले आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत तिची खुशाली विचारली. मुकं माणूस बहिरंही असतं असं लोकांना का वाटतं, देव जाणे. वसुंधरेने मान हलवली आणि आत निघून गेली. बेंगळुरूच्या साऱ्या सिनेमावाल्यांना ठाऊक होतं, की चित्रांगीची थोरली बहीण बिचारी मुकी आहे आणि चित्रांगी तिला किती माया लावते!

आणि त्याच मुक्या बाईच्या आवाजावर अर्धं कर्नाटक वीसेक वर्षं रडत होतं, हसत होतं...

गदगला त्यांच्या वडलांची नाटक कंपनी होती. वसुंधरा परकर नेसायच्या वयापासून रंगमंचावर उभी. तिने हाक मारली की शेवटच्या रांगेतला हमाल विडी विझवायचा. तिला बघायला म्हणून बेंगळुरूहून एक दिग्दर्शक आला, त्याने पडद्यासाठी दोन्ही बहिणींची चाचणी घेतली, आणि घोटाळा झाला. कॅमेऱ्याला वसुंधरेचा रुंद चेहरा मानवेना. आणि धाकटी भागीरथी पडद्यावर अशी दिसली की खुर्चीतली माणसं सावरून बसली. पण भागीचा गळा? फाटक्या भात्यासारखा घोगरा! दिग्दर्शक म्हणाला, हिचा चेहरा घेऊ आणि तिचा गळा घेऊ, दोघींची मिळून एक नायिका करू. भागीची चित्रांगी झाली. वसुंधरेचं काहीच झालं नाही.

अट एकच होती. लोकांना कळता कामा नये. घरात वसुंधरा बोलायची, भागीला दटावायची, स्वयंपाक्याशी भांडायची. पण दारावरची घंटा वाजली की तोंडाला कुलूप! एकदा बसवनगुडीच्या बाजारात तिने वांग्यांचा भाव विचारला आणि भाजीवाली मान वर करून म्हणाली, "अय्यो, तुम्ही तर थेट चित्रांगीसारख्या बोलता!" त्या दिवसापासून ती बाहेर मुकीच झाली. धारवाडच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं, मुलगी मुकी म्हणून ते परत गेलं. तिने त्याचं दुःख केलं नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यापुढे उभं राहून भागीच्या ओठांवर आपला जीव ठेवायचा, हाच तिचा संसार होता. या सिनेमाचं बोलावणं अजून यायचंय असंच ती धरून बसली होती, आणि आज तोच संसार परक्या माणसासमोर, कॉफी पिता पिता मोडला गेला होता!

वार्ताहर गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं, भागी?"

भागी बांगड्या उतरवत होती. तिने वर पाहिलं नाही. "काही नाही, अक्का. हौस आली मला."

हौस...! वसुंधरेच्या काळजात ते कुसळासारखं रुतलं. पुढे दोघींमधलं बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं. पण खरं सांगायचं तर नुसता राग असता तर ती खोलीत पडून राहिली असती. तिला निवांत बसू देत नव्हतं ते कुतूहल. ही घोगऱ्या गळ्याची पोर तीन तास बोलली तरी कशी असेल? रडली कशी असेल? वाक्य कुठे तोडायचं हे हिला कुणी शिकवलं? आणि मुळात का? वीस वर्षांचं नाव असं पणाला लावायला हिला कसलं वेड लागलं? भागीला विचारायला तिचा मान आड येत होता, आणि न विचारता जेवण गोड लागत नव्हतं.

शेवटी सिनेमा लागला त्या दिवशी सकाळचा पहिला खेळ गाठायला ती एकटीच निघाली. बुरखा नको, काळा चष्मा नको. तिचा चेहरा ओळखतंय कोण? थिएटरापुढे चित्रांगीचं लाकडी चित्र दोन मजले उंच उभं होतं. पोरं वर चढून त्याला झेंडूचे हार घालत होती, हंड्यांनी दूध ओतत होती. सुती साडीतली वसुंधरा त्या दुधाच्या चिखलातून वाट काढत आत जाऊन बसली.

पडद्यावर चित्रांगी आली, शिट्ट्यांनी छत हाललं. मग ती बोलली.

थिएटर गप्प झालं. वसुंधरेने पदर मुठीत धरला. भागी चुकत होती, श्वास भलत्या जागी घेत होती... पण त्या घोगऱ्या गळ्यात काहीतरी होतं जे वसुंधरेच्या घोटीव आवाजात कधीच नव्हतं. ती पडद्यावरची बाई दमलेली वाटत होती, खरी वाटत होती. वसुंधरा पुढे सरकून ऐकू लागली. माझ्या पोरीला येतंय की हे, तिच्या मनात आलं, आणि राग कुठल्या कुठे गेला!

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाईला सर्दी झालीय, काढा पाजा!" सगळे खिदळले. दुसऱ्याने कावळ्याचा आवाज काढला. मग काय, शिट्ट्या, आरडाओरडा, आमची चित्रांगी परत द्या म्हणून टाळ्या... बाहेर जिच्यावर दूध ओतलं तिचीच आत टिंगल! खुर्च्या आपटायला लागल्या, आणि वसुंधरेला राहवलं नाही. ती उभी राहिली, वळली, आणि गदगच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या गळ्याने म्हणाली,

"गप बसा! तिला बोलू द्या."

जणू वीज गेली. माणसं पडद्याकडे बघत, मग या बाईकडे बघत. वीस वर्षं ज्या आवाजावर त्यांनी जीव ओवाळून टाकला, तो रांगेत उभ्या असलेल्या कुणा पिकल्या केसांच्या बाईच्या तोंडून येत होता! एका म्हाताऱ्याने नकळत हात जोडले. "अम्मा... तुम्ही कोण?"

वसुंधरा भानावर आली आणि तिची पाचावर धारण बसली. काय करून बसले मी! ती तोंडावर पदर दाबून दाराकडे धावली. मागच्या रांगेतून बुरखा घेतलेली एक बाई उठली आणि तिने तिचा दंड पकडला. मॅनेजरच्या खोलीत नेऊन बुरखा वर केला, ती भागी होती.

"मी तुझं वाटोळं केलं," वसुंधरा म्हणाली. "आता सगळ्यांना कळलं."

"कळू दे. आधीचा आवाज कुणाचा, हे लोकांनी विचारावं म्हणूनच केलं मी हे."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?" भागीचा गळा आणखीनच घोगरा झाला. "अक्का, गेल्या आषाढात अव्वा गेली. आपल्याकडे थोरली लेक आईला उराशी धरून, तिचं एकेक आठवून, मोठ्याने रडते तेव्हा मेलेल्याला वाट सापडते. घर माणसांनी भरलेलं होतं, वार्ताहर दारात होते. आणि तू तोंडात पदराचा बोळा कोंबून बसलीस... माझ्यासाठी. बायका कुजबुजल्या, मुकी आहे बिचारी. मी हुंदके देत होते, लोक मला धीर देत होते, आणि मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. सगळं नाव घेऊन मी काय करू, अक्का? माझी आई थोरल्या लेकीच्या रडण्यावाचून गेली."

वसुंधरा भिंतीला टेकून खाली बसली. आधी नुसता श्वास आला, आणि मग तो आवाज फुटला... "अव्वाऽऽ गं..." ज्वारीची भाकरी थापणाऱ्या हातांना तिने हाक मारली, नाटकाच्या गाडीत निजवणाऱ्या मांडीला हाक मारली, मला एकदा रागाव म्हणाली, मला तुझं तोंड धुवू दिलं नाहीस म्हणाली. भागी तिच्या गळ्यात पडली, आणि तो घोगरा गळाही त्यात मिसळला.

बाहेर गर्दी जमली होती. मॅनेजरने हळूच दार ओढून घेतलं आणि लोकांना सांगितलं, आत कुणी जाऊ नका, त्यांची आई गेली आहे.

कधी गेली, कुणीतरी विचारलं.

"आत्ताच, बहुतेक," मॅनेजर म्हणाला.