आकांक्षाचे सोमवार

विहिरीमागं कुणी येणार नाही, अशा समजुतीनं आकांक्षा तिथं बसली होती. दुपारची सुट्टी झालेली. प्लॉटवरच्या बायका बाभळीखाली डबे उघडून बसल्या होत्या आणि ही इकडं पाठ करून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. वरून श्रावणातली भुरभुर चालू होती. तेवढ्यात कळशी घेऊन राधेश्याम आला, प्लॉटच्या मालकाचा भाचा.

“जेवायची न्हाईस का?”

ती दचकली. मग सावरून म्हणाली, “उपास हे.”

“आज तर मंगळवार.”

“मंग? मंगळवारचा नसतो का उपास?”

एवढं बोलून तिनं वळून त्याच्याकडं जे पाहिलं... आता काय सांगावं! पोरगा आल्या पावली परत गेला आणि कळशी तिथंच राहिली. ती रिकामी कळशी बघून आकांक्षाला दिवसभर हसू येत होतं.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. सांजेला एका झाडाची कळी सोलून ठेवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल तिच्यावर अलगद घासायचं. काम नाजूक, म्हणून बायका-पोरींनाच बोलावतात. आपण फुलांची लग्नं लावतो, असं त्या म्हणायच्या. अशा ठिकाणी वीस वर्षांची पोरगी आणि चोवीस वर्षांचा पोरगा रोज समोरासमोर आल्यावर व्हायचं ते झालंच.

“एवढ्या फुलांची लग्नं लावून राह्यली,” एकदा तो बाजूच्या ओळीतून म्हणाला. “तुझं कधी?”

“नवरदेवाचा पत्ता न्हाई अजून.”

“मंग हे एवढे उपास कोणासाठी?”

“असंल कुणीतरी—”

“ओळखीतला?”

“कळशी विसरतो तो. एवढंच माहीत हे.”

राधेश्याम कानापर्यंत लाल झाला. पुढच्या सोमवारी त्यानंही उपास धरला, तिच्या जोडीनं. दोन वाजेपर्यंत त्याचं डोकं धरलं आणि तोंड एवढंसं झालं. आकांक्षानं त्याची पोटभर चेष्टा केली, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिचे डोळे भरून आले. आपल्यासाठी कुणी एक दिवस उपाशी राहिलं, हे तिला नवीन होतं.

कारण खरं सांगायचं तर तिचा उपास कुठल्याच देवाचा नव्हता. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, चतुर्थी राजूरच्या गणपतीची, ही सगळी नावं तिनं सोयीनं घेतलेली. घरात आधी वडील जेवत, मग भाऊ. टोपल्यात उरेल ते तिचं आणि आईचं. रेशनचं धान्य सरत आलं की टोपल्यात उरायचंच नाही. मग सोनूबाई, म्हणजे तिची आई, सहज म्हणायची, “मला आज उपास हे.” आईनं ही युक्ती लेकीला कधी शिकवली नाही. लेकीनं ती बघून बघून उचलली. आणि रिकामा डबा चारचौघींत उघडण्यापेक्षा देवाचं नाव घेतलेलं बरं, नाही का?

राधेश्याम बिचारा उपासाचं म्हणून शेंगदाण्याचे लाडू आणायचा. ती एक खायची, बाकीचे ओढणीत बांधून घरी न्यायची. तिला वाटायचं, आज सांगावं. पण तो इतक्या कौतुकानं बघायचा की तोंडातले शब्द तोंडातच राहायचे. तिच्या उपासांचं कौतुक त्यानं आपल्या आईला, केशरबाईंनाही सांगितलं होतं. केशरबाईंना तर हवीच होती अशी सून. देवभोळी, कष्टाची आणि खायला थोडकी! त्यांनी स्वतःहून निरोप धाडला, हुंडा नको, पोरगी द्या. सोनूबाईनं ते ऐकून देवापुढं दिवा लावला. लेकीचं तरी नशीब उघडलं, असं तिला वाटलं.

भादव्यातल्या उन्हात एका सकाळी आकांक्षाच्या हातातलं फूल गळून पडलं, आणि मागोमाग ती.

डोळे उघडले तेव्हा ती दवाखान्यात होती, आणि उशाशी गावातल्या आशा कार्यकर्त्या वंदनाताई होत्या. त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं. हिमोग्लोबिन सातावर आलं होतं. वंदनाताई रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज जड झाला.

“लगीन ठरून राह्यलं म्हणती. कर खुशाल. पण लेकराची घाई करू नको. आधी वर्षभर पोटाला नीट खा, डाळ, पालेभाजी, अंडी. अंगात रक्त आधी लागतं बाई. दिवस गेल्यावर नुसत्या गोळ्यांनी भागत न्हाई.”

दाराशी राधेश्याम उभा होता. परतताना त्यानं मोटारसायकल एका लिंबाखाली थांबवली. मग आकांक्षाच बोलली, त्याच्याकडं न बघता.

“तुमच्यावर जीव जडला हे तर तुम्हाला माहीतच हे. दुसरं सांगायचंय... मी आजपर्यंत एकबी उपास धरला न्हाई. घरात नव्हतं म्हणून म्हणत गेले.”

राधेश्यामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती भुकेजून बसायची आणि आपण तिच्या पुढ्यात उपासाचं कौतुक करत बसायचो, हे त्याच्या मनाला फार लागलं. त्यानं तिचा हात हातात घेतला, पहिल्यांदाच.

“आमच्या घरी तुला कधी उपाशी राहू द्यायचा न्हाई मी. आईला सगळं सांगतो. वर्षभर लेकराचं नाव काढायचं न्हाई, हेबी सांगतो.”

“सांगाल?”

“बिलकुल सांगतो.”

त्या रात्री आकांक्षाला शांत झोप लागली. त्याच्या शब्दावर तिनं सगळं सोपवलं होतं.

लग्न पक्कं करायच्या कुंकवाच्या कार्यक्रमाला केशरबाईंनी मुद्दाम सोमवार निवडला. सोनूबाईनं शेजारपाजारहून आणून रांधलं. पुरणाच्या पोळ्या, वरणभात, वांग्याची भाजी, तळलेल्या कुरडया. आपल्या चुलीवर एवढं शिजलेलं आकांक्षानं कधी पाहिलं नव्हतं. कुंकू लागलं, ओटी भरली, पंगत बसली. केशरबाईंनी तिला मायेनं शेजारी बसवून घेतलं.

“हिला ताट वाढू नका,” त्या कौतुकानं सगळ्यांना म्हणाल्या. “सोमवार हे तिचा. आन् आता एक सोमवार माझ्या नातवासाठी धर गं पोरी. वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे.” आणि ओटीतली दोन केळी त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली.

म्हणजे यानं काहीच सांगितलं नव्हतं.

आकांक्षानं समोर पाहिलं. राधेश्यामचा हात पोळीवर थांबला होता. तिची नजर त्याला कळली, नाही असं नाही. ती मनातल्या मनात म्हणत होती, बोला. एवढंच म्हणा, की तिला वाढा. मी आयुष्यभर तुमची राहीन. त्यानं आईकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं, मग मान खाली घातली.

“पाणी द्या जरा,” तो म्हणाला.

तिच्या काळजाचं पाणी झालं. याच घरात, भरल्या चुलीपुढं, आज उपाशी बसले तर त्या घरी जन्मभर बसावं लागंल, हे तिला कळून चुकलं. आणि मग पोटात लेकरू घेऊनही.

“आई,” ती म्हणाली, “मला ताट वाढ.”

सोनूबाईनं केशरबाईंकडं पाहिलं.

“मला उपास न्हाई, मावशी,” आकांक्षा केशरबाईंना म्हणाली. “कधीच नव्हता. भूक लागली हे मला.”

पंगतीत कुणाचा घास हलेना. सोनूबाईनं ताट वाढलं. आकांक्षा खाली मान घालून जेवू लागली. एक पोळी संपली, तिनं दुसरी मागून घेतली. केशरबाई हळू आवाजात मामाला काहीतरी म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. बाकीचेही उठले. राधेश्याम तेवढा मागं राहिला. त्यानं पोळ्यांचं टोपलं उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

“घे ना आणखी,” तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते.

तिचा जीव अजून त्याच्यावर होताच. तो कुठं जातो असा? पण तिनं ताटावर हात आडवा धरला.

“आता नका वाढू. घेतलं मी.”

तो टोपलं ठेवून गेला. घर रिकामं झालं. पोळ्या तशाच उरल्या होत्या आणि सोनूबाई दाराला टेकून उभी होती. आकांक्षानं आपल्या शेजारी दुसरं ताट मांडलं.

“बस आई. तुझाबी सोमवार न्हाई.”

बाहेर गाड्या सुरू झाल्या. एका मोटारसायकलचा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तो लांब जाईपर्यंत तिनं तोंडातला घास नीट चावून गिळला. आणि मग ती रडली.