सातवी बैठक

रविवारचं जेवण झाल्यावर नमिता बाबांना म्हणाली, "चला, तुमच्या गुडघ्यांचं माप घ्यायचंय." रामनाथ हसले. भांडुपच्या तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, प्रत्येक पायरीला नावं ठेवत ते खाली रिक्षापर्यंत पोहोचले, त्यात दहा मिनिटं गेली.

काम तसं साधंच होतं. मुलुंडच्या मागे, जंगलाच्या कुंपणाला लागून एका खासगी जागेवर नमिता छोटं ध्यानकेंद्र बांधत होती. मातीच्या भिंतींच्या सहा खोल्या, सिमेंट जवळजवळ नाही, झाड एकही तोडायचं नाही, आणि दगड लागला तर तो जागेवरचाच. या शेवटच्या नियमाचा तिला फार अभिमान होता. खोल्यांच्या मागे झाडीत तिला सहा सपाट दगड आयते सापडले होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. उघड्यावर ध्यानाला बसायला याहून झकास काय मिळणार? ओळीच्या टोकाला नाल्यातला एक दगड आणून तिने सातवी बैठक केली, म्हाताऱ्या माणसांसाठी जरा उंच.

जागेची राखण करणारा काशीराम शेजारच्याच पाड्यातला. त्याला हे पटलं नव्हतं.

"सहाच राहू द्या, म्याडम. जुनी माणसं आहेत ती. बसवूनच पुरलीत."

"कोण माणसं?"

"ते आमच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं." मग तो म्हणाला, "आणि सातवी केलीतच, तर तिथे बसलेल्याला लांबून हाक मारू नका. जवळ जायचं, हात धरून उठवायचं. हाक कोणाला पोचेल, सांगता येत नाही."

नमिताने ऐकून घेतलं आणि नकाशावरचा सातवा चौकोन तसाच ठेवला. शिकलेली माणसं असंच ऐकून घेतात. त्याला ऐकणं म्हणत नाहीत.

खरं तर ती बैठक बाबांसाठीच होती. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून रामनाथ एका जागी पाच मिनिटं बसत नसत. रात्रभर घरात पाय ओढत फिरायचे. घरात आता ते दोघंच. बाबांना काही झालं तर आपलं काय, या विचाराने नमिताही जागीच राहायची. बाबा जिथे शांत बसले, ती बैठक पास, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

जागेवर पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते. काशीराम पाड्यात लग्नाला गेला होता. जानेवारीतली कोरडी हवा, पायाखाली पाचोळा, आणि लांब कुठेतरी तांबट पक्ष्याचं एकसुरी टुकटुक. रामनाथ सातव्या दगडावर टेकले, निळा स्वेटर ओढून घेतला आणि कुरकुरले, "हंय बसान मी काय करू गो? गुडघे ऐकणत नाय माजे."

"डोळे मिटा फक्त. मी लांबून हाक मारीन. ऐकू आली तर हात वर करायचा."

बैठक आणि पायवाट यांत किती अंतर ठेवलं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ध्यानात व्यत्यय आणणार नाही, हे तिला मोजायचं होतं. काशीरामचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि हसू आलं.

दहा पावलांवरून तिने हळूच हाक मारली. हात वर झाला. तीस पावलांवरून मारली, तेव्हा हात वर व्हायला बराच वेळ लागला. साठ पावलांवर वाट वळत होती, तिथून बैठक दिसत नव्हती. तिने हाक मारली आणि वाट वाकडी करून डोकावून पाहिलं. हात खालीच होता. बाबा ताठ बसले होते, चेहरा सैल, ओठ किंचित उघडे. दोन वर्षांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं. वहीत तिने साठ लिहिलं आणि त्यांना तसंच बसू दिलं.

सहा वाजून गेले. तांबट कधी थांबला, तिला कळलंच नाही. ऊन गेल्यागेल्या झाडीतून ताज्या खणलेल्या ओल्या मातीचा वास येऊ लागला. तिथे तर कोणी खणत नव्हतं. नमिताला एकदम घाई झाली. साठ पावलं मागे जायचं, हात द्यायचा, उठवायचं... तिने वळणावरूनच जोरात हाक मारली, "बाबा, चला आता!"

मग पाचोळा वाजला.

"आलो, बाळ."

निळा स्वेटर झाडांतून बाहेर आला आणि सरळ वाटेला लागला. तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. रिक्षात ते ताठ बसून राहिले. बाबा तिला कधी बाळ म्हणाले होते, हे आठवायचा प्रयत्न तिने केला आणि सोडून दिला. शांत झालेत, एवढं पुरे होतं तिला.

भांडुपला मात्र ते तिच्या पुढे जिना चढले. कठड्याला हात न लावता. तीन मजले.

हॉलमध्ये दिवा न लावताच ते जमिनीवर बसले. मांडी घालून, पाठ ताठ. अकरा वर्षं त्या गुडघ्यांना मांडी घालता येत नव्हती. नमिता स्वयंपाकघराच्या दारात चहाचं भांडं घेऊन उभी राहिली, आणि फोन वाजला.

"म्याडम," काशीराम म्हणाला, "बाबांना विसरलात काय? अजून सातव्या दगडावर बसलेत. अंधार पडला इकडे. हाक मारली नाही मी. उठवू?"

"नको..." तिने भांडं ओट्यावर ठेवलं. "हाक नका मारू. जवळ जा... बॅटरी मारून बघा. नक्की तेच आहेत?"

फोनमधून पाचोळ्यावरची पावलं ऐकू आली. "तेच की. निळा स्वेटर. अंग गार पडलंय, पण श्वास चालू आहे. हात धरून उठवू?"

"हो... म्हणजे थांबा... थांबा जरा."

हॉलमध्ये हालचाल झाली. इतका वेळ न आलेला तो मातीचा वास आता स्वयंपाकघरापर्यंत आला. बसल्या जागेवरून बाबांचा आवाज आला. अगदी त्यांचाच, रोजचा, कुरकुरता.

"कोणाचो फोन गो, नमू? माका उठूक जमणा नाय. हात दी बघू."

अंधारात एक हात तिच्याकडे पुढे झाला होता.

तिच्या कानाशी काशीराम हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, बाबांनी हात पुढे केलाय... धरू का?"