नावं ठेवलेली खोली

"ही खोली अजिबात घेऊ नका."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. दार उघडताच हे वाक्य! दाओन एक बूट हातात आणि एक पायात अशीच उंबरठ्यावर थिजली. समोर एक उंच मुलगा, केस डोळ्यांवर आलेले, तोंडात दात घासायचा ब्रश.

"अं... काय म्हणालात?"

"खोली बघायला आलात ना? मग ऐका." त्यानं ब्रश बाहेर काढून तोच छडीसारखा वर रोखला. "ती खिडकी. नावाला आहे. उघडली की शेजारच्यांची भिंत, हात लांब केलात तर रंग निघेल. खालून जमीन तापते, पण फक्त या कोपऱ्यात. थंडीत मांजरासारखं वेटोळं करायचं. पहाटे मावशी बांगडे तळतात, वास उशीत शिरतो तो जात नाही. आणि समोरच्या चर्चमध्ये गाण्याचा सराव असतो. त्यातल्या एका काकूंचा आवाज... जाऊ द्या. तुम्हीच ऐका."

दाओन बघतच राहिली. सेऊलमध्ये पाऊल ठेवल्यापासून तिला धक्क्यांमागून धक्के बसत होते. वांदो बेटावरची मुलगी. बाबांची समुद्रात शैवालाची शेती. विद्यापीठात नंबर लागला तेव्हा अख्ख्या बंदरावर मिठाई वाटली गेली होती. आणि मग वसतिगृहाची सोडत झाली, तिचं नाव निघालंच नाही. तेव्हापासून ती दलालांच्या मागे चढण चढत होती. "भरपूर उजेड" म्हणून दाखवलेली खोली तळघरात निघाली. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसत होते. "आटोपशीर" खोलीत दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागल्या. एकीकडे तर पलंगावर बसून शेगडी पेटवता येत होती, आणि दलाल म्हणाला, "बघा, किती सोय!" सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. बाबांचा रोज फोन, "मिळाली का गं?" आणि ती रोज म्हणे, "बघतेय... छान छान आहेत."

"घेतली," दाओन म्हणाली.

ब्रश त्याच्या हातातून जमिनीवर पडला.

"काय?"

"खोली. घेतली मी."

"अहो, मी आत्ता काय सांगत होतो!"

आतून घरमालकीणबाई धावत आल्या. कोपरापर्यंत हात लाल. किमचीच्या कोबीला मसाला लावत होत्या. "जेहा! परत नावं ठेवलीस ना? आलेलं माणूस पळवून लावतो मेला! आता पण गेली ना ही?"

"नाही मावशी," जेहा खुळ्यासारखा म्हणाला. "राहतेय."

आता थक्क व्हायची पाळी मावशींची होती.

बॅग आत आणताना त्याला राहवेना. "पण का?"

"इथं आल्यापासून," दाओन म्हणाली, "माझ्याशी खरं बोललेले तुम्ही पहिलेच."

त्याचे कान लाल झाले. नंतर कळलं, खोली त्याचीच होती. ती भाड्यानं जाईपर्यंत तिथं राहायची त्याला मुभा होती, म्हणून बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो असाच पिटाळत होता. आता तो आपलं अंथरूण घेऊन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत निघाला.

"का पण? तुम्हाला दुसरी चांगली खोली नाही मिळणार?"

"वर हवा छान असते," तो म्हणाला, आणि जिना चढून गेला.

*

कॉलेजचे धक्के वेगळेच. वर्ग एवढा मोठा की सर ठिपक्याएवढे दिसत. ओळख करून द्यायला ती उभी राहिली, "मी बान दाओन, वांदोहून आले-ए-ए..." आणि बेटावरचा हेल ऐकून मागच्या रांगा खिदळल्या. त्या दिवसापासून ती वर्गात तोंड उघडेना. दुपारी जिन्याच्या वळणावर बसून शैवालात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण खायचा, कुणी आलं की फोनवर बोलत असल्याचं नाटक करायचं.

एका संध्याकाळी जेवताना ती हळूच म्हणाली, "मावशी... मी परत गेले तर?"

मावशींच्या हातातला डाव थबकला. जेहा मात्र मासा सोलत म्हणाला, "जा की. पण त्याआधी मला तुमच्याकडचं बोलायला शिकव. फुकट नको, बदल्यात माशाचा हा मधला भाग तुझा."

"चेष्टा करताय?"

"शपथ! 'सूप गरम आहे' कसं म्हणता?"

तिनं सांगितलं. त्यानं ते इतकं वाकडं उच्चारलं की तिला ठसका लागला. सेऊलला आल्यापासून पहिल्यांदा ती पोट धरून हसत होती.

जेहाही त्याच कॉलेजचा. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या रांगेत तो तिच्या पुढे येऊन उभा राहिला आणि अख्ख्या कँटीनला ऐकू जाईल असं, थेट वांदोच्या हेलात, ओरडला, "मावशे-ए-ए, सूप गरम हाय का-आ-आ?" दाओनला वाटलं, जमीन दुभंगावी. पण खिडकीमागच्या बाईंचा चेहरा उजळला. "अगं बाई! आमच्याकडचा तू? कुठला?"

"मी नाही, ही!" त्यानं दाओनला पुढं ढकललं.

त्या दिवसापासून तिच्या वाडग्यात दुप्पट सूप पडू लागलं. आणि रांगेतली, मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी म्हणाली, "ए, मलाही शिकव ना तसं बोलायला."

एप्रिलमध्ये चेरी फुलली आणि लगेच झिमझिम पाऊस लागला. चढणीवर पाकळ्यांचा चिखल. जेहाच्या छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या. वाऱ्यानं ती उलटी झाली तेव्हा दोघं पळत एका बंद दुकानाच्या छपराखाली शिरले. तिच्या गालावर एक ओली पाकळी चिकटली होती. त्यानं बोट पुढं केलं... आणि मागे घेतलं.

"काढा की," ती म्हणाली.

"असू दे. बरी दिसतेय."

"पाकळी?"

"...पाकळीपण."

पाऊस आता पत्र्यावर ताडताड वाजत होता. तरी तिला भीती वाटली, आपल्या छातीतली धडधड त्याला ऐकू जाईल.

"तुझ्याशी बोलताना," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी विसरून जातो."

"काय?"

त्यानं उलटलेली छत्री झटकली आणि हसला. "छत्री कशी धरायची ते."

*

शनिवारी सकाळी दाओन सुपाचा वाडगा घेऊन जेवणघरात आली आणि जागीच खिळली.

टेबलाशी कुणी परका बसला होता. डोकं भादरलेलं, टाळू पांढरीफटक, कान दोन्हीकडे पसरलेले. त्या माणसानं वर पाहिलं, आणि डोळे जेहाचे होते.

तिच्या हातातला चमचा वाडग्यात पडला, सूप बाहीवर उडालं.

"हे... हे काय?"

"सोमवारी जायचंय," तो म्हणाला. "सैन्यात. नोन्सानच्या छावणीत."

मावशींनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "म्हणजे? तुला सांगितलं नाही यानं? अगं, म्हणून तर खोली रिकामी करायची होती!"

प्रत्येक मुलाला जावं लागतं, तिच्या चुलतभावालाही जावं लागलं होतं. हे तिला माहीत नव्हतं का? होतं. पण हा... हा तर रोज समोर होता ना! ती उठली आणि तडक गच्चीवर गेली. मागून त्याची पावलं आली.

"दाओन..."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"खोलीचे दोष कसे घडाघडा सांगितलेत! खिडकी, बांगडे, चर्चमधल्या काकू! आणि स्वतःबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती लपवलीत?"

तो भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, जणू केस शोधतोय. "थंडीपासून सगळे मला निरोपच देतायत. कुणी सहलीत धरत नाही, कुणी नाटकात घेत नाही... 'तू काय, जाणारच.' मी इथं असून गेल्यात जमा. तुला तेवढं वाटायचं की मी उद्यापण असणार आहे. तू मला 'उद्या कँटीनला येताय ना?' असं विचारायचीस. ते... सोडवेना मला."

तिचा राग अर्धा वितळला, आणि अर्धा जास्तच पेटला.

"आणि माझं काय?"

"म्हणून तर सांगतोय... माझी वाट बघू नकोस. दीड वर्ष कुणी—"

"बघ म्हणून विचारलंत का कधी?"

ती खाली निघून गेली. रविवारभर ती खोलीबाहेर पडली नाही. वर गच्चीवर वाजणारी त्याची पावलं ऐकत मात्र राहिली.

*

सोमवारी पहिलाच तास. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि दाओन उभी राहिली. का, ते तिचं तिलाच कळेना.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"मला जायचंय," ती म्हणाली. तिच्या हेलात, लांबवून. कुणी हसलं नाही. निदान तिनं तरी ऐकलं नाही. तोवर ती दाराबाहेर होती.

बस नोन्सानला पोचली तेव्हा मुलं मैदानात उतरली होती. सज्जात आया, बाप, आज्या, रुमाल. दाओननं खाली पाहिलं. शेकडो मुलं. सगळ्यांची डोकी भादरलेली! सगळी सारखी! यातला जेहा कुठला?

तिनं एकेक डोकं धुंडाळलं. आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला दिसले दोन पसरलेले, उन्हात लालबुंद कान.

वांदोला एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारतात तशी तिनं आडनावासकट हाक मारली.

"प्यो जेहा-आ-आ!"

सगळा सज्जा वळला. तोही वळला.

"वाट बघ म्हणाला नाहीस ना? मग नाही बघणार! मी अभ्यास करणार, कँटीनला जाणार, मजेत राहणार! पण मला तू आवडतोस! आधी ते ऐक आणि मग जा!"

एकदम शांतता. आपण काय केलं ते तिला त्या शांततेत कळलं. तू! शेकडो माणसांदेखत ती त्याला 'तू' म्हणाली होती... आणि बाकीचं सगळंही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शेजारी हातात कागदी रुमाल घट्ट धरलेल्या एक बाई तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होत्या.

"तो," त्या बाई हळूच म्हणाल्या, "माझा मुलगा आहे."

दाओनला वाटलं, आता इथंच कोसळावं. खाली जेहा आ वासून उभा होता. एरवी शब्दाला शब्द देणारा, पण आता ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. अधिकाऱ्यानं हुकूम दिला. सगळी मुलं सज्जाकडे वळली, हात कपाळाला गेले, एकमुखानं सलामीची गर्जना झाली आणि विरली.

आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, तिसऱ्या रांगेच्या टोकाकडून एकच आवाज फाटत आला—

"मला पण!"

अधिकारी गर्रकन वळला. "कोण रे तो?" सज्जात आधी श्वास रोखले गेले, मग कुठूनतरी हसू फुटलं, कुणी टाळी वाजवली, आणि रडणाऱ्या आयाही हसायला लागल्या. जेहाला दटावत रांगेत सरळ केलं गेलं, पण त्याचे कान हसत होते. इतक्या लांबूनही दिसत होतं. रांगा वळल्या. दारातून एकेक डोकं आत गेलं, आणि मैदान रिकामं झालं.

शेजारच्या बाईंकडे बघायचा दाओनला धीर होईना. "काकू... मला माफ करा, मी..."

"जेवलीस का गं?" त्या बाईंनी विचारलं.

"अं?... नाही."

"मीपण नाही. सकाळी तो समोर बसला होता, घास उतरेना." त्यांनी हातातला रुमाल मधोमध फाडला, अर्धा तिच्या हातात दिला आणि उरलेल्यानं स्वतःचं नाक पुसलं. "चल, बाहेर चांगला रस्सा मिळतो. आणि मला सगळं सांग, पहिल्यापासून. आमचा हा घरी एक शब्द बोलत नाही."

त्यांनी तिचा हात धरला, आणि गर्दीतून वाट काढत दोघी निघाल्या.